काच स्वच्छच होती

आमच्या प्रयोगशाळेच्या एका शोधनिबंधात एक वाक्य छापलेलं आहे. त्याचा अर्थ असा, की पाचव्या ते आठव्या आठवड्यातले आकडे काचसामान नीट धुतलं न गेल्यामुळे भरवशाचे नाहीत, म्हणून ते गाळले आहेत. निबंधावर दोन नावं आहेत. पहिलं आमच्या मॅडमचं आणि दुसरं माझं. हे वाक्य खोटं आहे. मॅडमना ते ठाऊक नव्हतं, मला होतं.

प्रयोगशाळा म्हणजे खालापूरजवळ कुंभिवलीला, हायवेलगतच्या फरसाणाच्या कारखान्यातल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मी तिथे लागलो तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होतो. खोपोलीचा माझा आधीचा कारखाना बंद पडला होता आणि दीड वर्ष मी कर्जतला घरी बसून होतो. वडील शाळामास्तर, आळीत सगळे ओळखीचे. 'हल्ली कुठे असता?' या प्रश्नाला भिऊन मी भाजी आणायलासुद्धा दुपारी जात असे. मग ही जागा मिळाली. कागदावर हुद्दा होता संशोधन सहायक. करार दरवर्षी नवा करायचा आणि त्यावर मॅडमची सही लागायची. मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, डॉक्टरेट झालेल्या, बोलायला सरळ.

काम आवडण्यासारखं होतं. तळलेला पदार्थ ठेवला की त्यातलं तेल खवट होतं. जांभळाच्या बियांचा अर्क तेलात घातला तर खवटपणा लांबतो का, हे आम्ही बघत होतो. जांभळं कर्जतकडच्या कोंडाण्याच्या बाजूने यायची. तेलाचे नमुने उबदार कपाटात ठेवायचे आणि दर आठवड्याला त्यातला खवटपणा मोजायचा. मोजणं असं: फ्लास्कमध्ये तेल, त्यात अॅसिड आणि क्लोरोफॉर्म, मग पोटॅशियम आयोडाइडचं अर्धा मिलिलिटर पाणी. तेल जितकं खवट, तितकं त्यातून आयोडीन सुटतं. ते किती सुटलं हे ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या नळीतून, थायोसल्फेट थेंब थेंब सोडून, स्टार्चमुळे आलेला निळा रंग जाईपर्यंत मोजायचं.

या कामाचे दोन नियम आहेत. आयोडाइडचं पाणी रोज सकाळी ताजं करायचं, कारण ते शिळं झालं की त्यात आपोआप आयोडीन तयार होतं. आणि दर खेपेला एक फ्लास्क तेल न घालता करायचा. त्याला ब्लँक म्हणतात. ब्लँकमध्ये जो आकडा येतो तो तेलाचा नसतो, रसायनांचा असतो, म्हणून तो प्रत्येक नमुन्यातून वजा करायचा.

आमचा ब्लँक महिनोन्‌महिने शून्य पूर्णांक एक येत होता. आठ नमुने, प्रत्येकी दोनदा, म्हणजे सोळा फ्लास्क. क्लोरोफॉर्मच्या वासाने डोकं चढायचं. एका शुक्रवारी मी ब्लँक केला नाही आणि वहीत शून्य पूर्णांक एक लिहून टाकलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. आयोडाइडचं पाणीही मी आधी आठवड्याचं, मग महिन्याचं करून ठेवू लागलो. बाटली तपकिरी होती. आतलं पाणी पिवळं पडलं तरी बाहेरून दिसत नसे. वहीत प्रत्येक पानाखाली माझी सही आहे.

आमच्याकडे काचसामान धुवायला कुंभिवलीच्याच एक बाई होत्या. वय असेल चाळिशीच्या आतबाहेर. त्यांची जाऊ खाली पॅकिंगला होती, तिनेच त्यांना लावलं होतं. त्या मला भाऊ म्हणायच्या. सोड्याचं गरम पाणी, मग नळाखाली तीनदा, मग डिस्टिल्ड पाणी. शेवटी प्रत्येक फ्लास्क खिडकीकडे धरायच्या. आतून पाणी सलग उतरलं पाहिजे, थेंब थेंब राहिला तर परत सोड्यात. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, बघून बघून त्यांनी ताडलं होतं. कारखान्याच्या जीपचा ड्रायव्हर चिडवायचा, "वहिनी, घरची भांडी पण अशीच उन्हात धरता का?"

"घरची तुमच्यासारखीच. बाहेरून चकचकीत, आत काय नाय," त्या म्हणायच्या.

त्या प्रयोगाच्या पाचव्या आठवड्यात आकडे चढले. सहाव्यात आणखी चढले. अर्क घातलेलं तेल, न घातलेलं तेल, सगळंच. मॅडम वैतागल्या. तेलाचा ओशटपणा राहिलेल्या फ्लास्कमध्ये असं होऊ शकतं, असं त्यांना वाटलं, आणि तशी शक्यता असतेही. पण अस्वच्छ काच कुठे जास्त चढवेल, कुठे कमी. आमचे सोळाही आकडे जवळजवळ सारखेच चढले होते. ते मला वहीत दिसत होतं. मी त्यावर बोट ठेवलं नाही, कारण पुढचा प्रश्न ब्लँकचा आला असता.

आठव्या आठवड्यानंतर मॅडमनी बाईंना बोलावलं. मी टेबलापाशीच होतो.

"तुम्ही घाई करता का हल्ली?"

"नाय मॅडम. मी तीनदा धुते, मंग त्या मशीनच्या पाण्यानं. रोज. भाऊंना इचारा ना. भाऊ इथंच असतात."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "धुवत असतील. मी काही उभा राहून बघत नाही."

हे माझे शब्द. एकही बदललेला नाही. मी रोज बघत होतो, आणि मी बघतो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. रागाने नाही. काही ऐकू आलं नसावं तसं. मग पदर खोचून त्या राहिलेले फ्लास्क धुवायला गेल्या. महिनाअखेर त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं.

त्या गेल्याच्या पुढच्या आठवड्यात आयोडाइडची बाटली संपत आली. मी नवं पाणी केलं. आकडे झटकन खाली आले. तेव्हा तपकिरी बाटलीतला तळाचा घोट मी बीकरमध्ये ओतला. हळदीचा हात बुडवल्यासारखं पिवळं पाणी. जुन्या पाण्याने एक ब्लँक करून पाहिला आणि सगळा हिशोब उलगडला.

मी उठून मॅडमच्या खोलीकडे निघालो, हे खरं आहे. दारात पोचलो तर त्याच म्हणाल्या, "बघितलेत आकडे? बाई गेल्या आणि सरळ झाले. म्हणजे तेच होतं." त्यांच्या आवाजात सुटका होती. मी "हो" म्हणालो आणि परत येऊन बीकर सिंकमध्ये ओतला. करार महिनाभरात नवा व्हायचा होता. तो झाला. मी तिथे आणखी सहा वर्षं होतो.

पुढे हे मी दिवसांच्या ओझ्याखाली दाबत गेलो. नोकरी संपली, बायको गेली. गेल्या वर्षी पुतणीची मुलगी, जी आता रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते, तिने मोबाइलवर तो निबंध शोधून काढला. माझं नाव बघून तिला कोण आनंद झाला. वाचता वाचता म्हणाली, "आजोबा, काच नीट धुवत नव्हते का तेव्हा?"

"बाई नवीन होती गं," मी म्हणालो.

पंच्याहत्तरीला टेकलेला माणूस, विचारणारी घरची पोरगी, कसली नोकरी नाही की करार नाही, आणि तरीही मी तेच केलं. त्या रात्रीपासून मला माझीच किळस आली. चार दिवसांनी तिला फोन करून खरं सांगितलं. मग मॅडमचा नंबर मिळवला. त्या निवृत्त होऊन पुण्यात असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही दुसऱ्या दिवशी बोलला असतात तर मी त्यांना परत बोलावलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हालाही काढलं नसतं. ओरडले असते फक्त." मग म्हणाल्या, "दुरुस्ती मी पाठवते. छापतील न छापतील. पण त्या बाईंकडे गेलात का?"

नव्हतो गेलो.

चौकशी केली तेव्हा कळलं, की नवरा वारल्यावर बाई कर्जत तालुक्यातल्या कळंबला लेकीकडे राहायला गेल्या. जावई तिथल्या एका रिसॉर्टमध्ये माळी आहे. मी कर्जतहून एसटीने गेलो. बाई ओटीवर बसून वाल सोलत होत्या. केस पांढरे झालेले, चष्मा. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"भाऊ? या, या. किती म्हातारे झालात! बसा. चाय टाक गं," हे लेकीला.

मी चहा येण्याआधीच सांगायला घेतलं, चहा पिऊन सांगणं मला जमलं नसतं. आयोडाइड, ब्लँक, वही, सगळं. माझी वाक्यं एकमेकांत अडकत होती. त्यांचा हात वालावर थांबला नाही.

"म्हंजे पातेल्याचं वजन न काढता तूप तोललंत तुमी," त्या म्हणाल्या.

"हो."

"आनि वजन जास्त भरलं तर म्हनलं, बाईनं पातेलं घासलं नाय."

"हो."

लेक चहाचे कप घेऊन दारातच उभी राहिली होती.

"मला कशाला सांगताय पन? मी काय धुतलं ते मला ठावं हाय. मला कवा शंका नव्हती." त्यांनी सालं एका बाजूला लोटली. "आमच्या जावंला सांगा. तिला सांगाल?"

"सांगेन."

"चला मंग."

"आत्ता?"

"मंग कवा? तुमी काय रोज येताय कळंबला?"

लेक म्हणाली, "आई, अगं ऊन किती हाय." त्या तोवर चपला शोधायला लागल्या होत्या. माझा चहा तसाच राहिला.

कर्जतपर्यंत एसटी, पुढे टमटम बदलत.  चौक गाव सोडल्यावर बाई एकदम म्हणाल्या, "बातमी माझ्याआधी घरी पोचली हुती. ती पॅकिंगला ना. मी घरात पाय टाकला तर सासू म्हनते, सायबाच्या बाटल्या धुता येईनात व्हय गं?"  "त्याचं नाय एवढं. पन मंग घरात काय बी असलं, पूजा, बारसं, की जाऊ म्हनायची, 'तू राहू दे गं, भांडी आमी धुतो.' हसत म्हनायची. पावन्यांसमोर. मी हात धुऊन उभी. नवरा गेल्यावर मी म्हनलं, आता नाय ऱ्हायचं इथं."

दुसऱ्या ठिकाणी कामाचं काय झालं, असं मी विचारलं. "जवळच्या तीन कंपन्यांत गेले. सगळीकडं इचारायचे, आधीचं का सोडलं?" त्या बाहेर बघत म्हणाल्या. 

कुंभिवलीच्या घरी जाऊबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. अंगाने भरलेल्या, आवाज मोठा.

"ये गं! आज कुठं वाट चुकलीस? आनि हे कोन?"

"वरच्या लॅबमधले भाऊ. तुला काय सांगायचं हाय त्यांना."

मी उभ्याउभ्याच सांगितलं. या वेळी थोडक्यात. आकडे माझ्या चुकीने बिघडले होते, हिने काम नेहमी चोख केलं, मला तेव्हाच कळलं होतं आणि मी गप्प बसलो.

जाऊबाईंनी सूप खाली ठेवलं. "कोनत्या बाटल्या?"

"तुला नाय आठवत?" बाईंचा आवाज बारीक झाला.

"आगं किती वर्सं झाली. कोन काढतंय आता ते?"

"मी काढते. सत्यनारायणाला माझ्या हातातलं तांब्याचं भांडं काढून घेतलंस तू. माझ्या भावजयीसमोर."

 मला वाटतं जाऊबाईंना खरंच आठवत नव्हतं, आणि आता आठवल्यासारखं होत होतं. "घेतलं असंल बाय," त्या म्हणाल्या. "माझ्या जिभंला कुठं हाड हाय." आणि मग माझ्याकडे वळल्या. "तुमी नंतर बी हुता ना तिथं? मी रोज तुमच्या जिन्याखालनं जायची. तुमी 'काय, बरं का?' इचारायचा मला. मंग तवा का नाय बोललात?"

"नोकरी जाईल असं वाटलं."

"हिची गेली ना."

 त्या उत्तरासाठी थांबल्याच नाहीत. त्यांनी जावेचा दंड धरून तिला ओटीवर बसवलं. "जेवून जा. सकाळची भाकर हाय, सुकट करते. न्हायतर ऱ्हाच आज, उद्या पोरगा सोडंल तुला." बाईंनी आधी नको नको केलं, मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि टेकून बसल्या. आत जाऊबाईंच्या सुनेने स्टो पेटवल्याचा आवाज आला.

मला कोणी बसा म्हटलं नाही. मी दोघींना नमस्कार केला. जाऊबाईंनी मान हलवली. बाई काही तरी बोलत होत्या, त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी फाटक लावून घेतलं आणि टमटमच्या फाट्याकडे चालू लागलो.