गोळ्या की आग्यामोहोळ

एकाहत्तरची लढाई संपली, जिंकलेला मुलूख परत करून फौज माघारी निघाली, तेव्हा ताफ्यातल्या शेवटच्या ट्रकवर हल्ला झाला. निदान रंगराव तसं सांगत. ट्रक तेच चालवत होते. दुश्मन बाभळीत दबा धरून बसला होता, गोळ्या आल्या, ट्रक उलटला.

त्याच ट्रकमध्ये मागे डाळीच्या पोत्यांवर त्यांच्याच गावचा सहदेव बसला होता. त्याच्या मते गोळी एकही नव्हती. टप फांदीला लागला आणि आग्यामोहोळ उठलं.

पिंपळगाव राजाजवळच्या त्या गावात हे पन्नास वर्षं चाललं. पंधरा ऑगस्टला झेंडा रंगराव चढवत, मग दोघं आळीपाळीनं बोलत आणि पोरं जिलबी चघळत 'गोळी!', 'माशी!' असं ओरडत. फौजेच्या कागदात काय आहे हे कुणी विचारलं नाही. दोन शहाणी माणसं इतकं भांडतात म्हणजे काहीतरी घडलंच असणार, हा गावाचा पुरावा.

यंदा उन्हाळ्यात सहदेव गेला. रंगराव खूप रडले आणि मनातल्या मनात लढाई जिंकले.

ती जीत महिनाभरही टिकली नाही. नवा सरपंच गजेंद्र ग्रामसभेत म्हणाला, "आबा, यंदा झेंडा दहावीत पह्यली आलेली छकुली चढवीन. तुमचा हल्ला मोबाइलवर कुठीच सापडत नाई."

"अबे, मी होतो ना तिथं!"

"अजून कोन म्हनते?"

रंगरावांनी सवयीनं शेजारी पाहिलं. खुर्ची रिकामी होती. तेवढ्यात कोरम नाही म्हणून सभा दुसऱ्या दिवसापर्यंत तहकूब झाली.

संध्याकाळी ते सहदेवच्या बायकोकडे गेले. गोजरबाई सुपारी कातरत होत्या.

"वैनी, उद्या सभेत येऊन माशा होत्या म्हनून सांगा."

"म्हंजे माशा कबूल तुमाले?"

"कायच्या कबूल? तुमी माशा म्हना, मी गोळ्या म्हनतो. ट्रक तरी खरा राहीन!"

"येईन. पन खोटं नाई बोलनार."

दुसऱ्या दिवशी गोजरबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "ना गोळी, ना माशी. या भाऊजीले डुलकी लागली अन् ट्रक बाभळीवर गेला. दोस्ताची नोकरी जाऊ नाई म्हनून आमच्या मालकानं सायबाले माशा सांगतल्या. यायले माशा कमीपनाच्या वाटल्या, यायनं गोळ्या केल्या!"

रंगराव ताडकन उठले. "डुलकी? मले? गोळ्या होत्या, गोळ्या!"

"डुलकी!"

"गोळ्या!"

सभा खूश झाली. असं जुन्या तालातलं भांडण ऐकून गजेंद्रचंही मन भरलं. "म्हंजे ट्रक होता," तो म्हणाला. "झेंडा आबाच चढवतीन."

पंधरा ऑगस्टला रंगरावांनी दोरी ओढली. सहदेवच्या खुर्चीवर गोजरबाई बसल्या होत्या. छकुलीला मात्र आबांच्या अगदी शेजारी उभं केलं होतं, मध्येच डोळा लागला तर दोरी धरायला.