सुभद्राकाकूंच्या खळ्यावर

सुभद्राकाकूंनी आपलं खळं दिलं नसतं, तर आमची नाट्यसंस्था उभीच राहिली नसती. आज इथं सुरतेच्या गोदामात ज्वारीचं पोतं फुटलं, ती धूळ नाकात गेली आणि मी थेट घनसावंगीजवळच्या आमच्या गावात पोचलो.

मी सातवीतून शाळा सोडलेला. पहिल्याच नाटकात काम मिळालं. पण पोरी पोरांसोबत काम करणार म्हणून गावानं पाराजवळची जागा दिली नाही. काकूंनी स्वतःची मळणी थांबवली, खळं सारवून दिलं. मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो मधला खांब मात्र काढू दिला नाही, म्हणून आम्ही त्याच्याभोवती फिरत संवाद म्हणत होतो. तेवढ्यात गावचे पुढारी देवराव तरातरा आत आले.

"पोरी नाचवून राह्यले का इथं? बंद करा!"

मी संवाद अर्धवट सोडून मागं सरकलो. काकू जागेवरून म्हणाल्या, "देवराव, धान्याच्या जागेत चप्पल घालून आला? आधी भाईर काढ, मंग बोल."

तालीम बघायला जमलेले लोक खो खो हसले. देवराव मागं वळून निघून गेले, तशा काकू माझ्यावर ओरडल्या, "तू काहून थांबला रे? म्हण जोरात!"

मी म्हटलं, घसा फाटेस्तोवर.

तेव्हा मला ती गंमत वाटली होती. एकट्या बाईनं आमच्यासाठी गावाशी वैर घेतलं, हे आता कळतं. आज संस्थेचे प्रयोग वडीगोद्रीपासून केदारखेड्यापर्यंत होतात, अन् पोरी सगळ्यांत पुढं असतात.

काकू, मालक सुट्टी देवो न देवो, एका सुगीला मी येणार. तुमची सगळी ज्वारी एकटा काढून देणार.