पिवळी रोपं

"बीच खोटं व्हतं, ताई. मी काय करनार त्याला?"

असं म्हणताना भागूबाई ना वाफ्याकडं बघत होती, ना शेजारच्या अनसूयाताईंकडं.

वाफ्यात स्टॉक नावाचं विलायती फूलझाड फुललं होतं. लवंगेसारखा वास गल्लीभर. पण फूल कसं, तर चार पाकळ्यांचं, मुळ्याला येतं तसं. अनसूयाताईंना हवी होती ती भरगच्च फुलं, बारक्या गुलाबागत. त्यांची लेक चारुता तान्हीला घेऊन बारशाला माहेरी यायची होती आणि पाळणा ह्याच फुलांनी सजवायचा होता. बी त्यांनीच पेरलं. कोंब वर आले आणि त्या लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या. जाताना रोपांचा ट्रे भागूबाईच्या हातात दिला. "तुम्ही मातीतल्या. दाटली की विरळा, आणि चांगली तेवढी लावा."

चितेगावाकडची जमीन कारखान्यांत गेली, लेक सुदर्शन वाळूजला कंपनीत लागला, तशी भागूबाई ह्या कॉलनीत आली. गॅसचं बटण उलटं फिरवती म्हणून सूनसुद्धा तिला हसायची. पण कुणाची तुळस जळाली, कढीपत्त्याला कीड लागली, की बायका तिच्याच दारी. तेवढ्या एका गोष्टीवर ती ताठ चालायची.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. तांदूळ धुतलेल्या पाण्यावर तिनं रोपं जगवली, मग विरळणीला बसली. काही रोपं गर्द हिरवी, काही फिकी, पिवळसर. मिरचीच्या रोपाला जन्मभर केलं तेच तिनं इथं केलं. पिवळी उपटून फेकली. पाण्याची ही बोंब, त्यात दुखणेकऱ्याला कशाला पाजायचं?

"चला," अनसूयाताई म्हणाल्या, "त्या नर्सरीवाल्याला विचारूच."

रिक्षानं दोघी छावणीतल्या नर्सरीत गेल्या. तिथं बी विकणारा नोकर कडुबा म्हातारा माणूस, कुंड्या भरत बसलेला. त्यानं ऐकून घेतलं.

"म्याडम, ह्याच्यात फिकी रोपं ठिवायची अन् हिरवी काढायची. भरगच्च फूल फिक्यालाच येतं. सांगितलं व्हतं की मी."

"मला? कधी?"

"तुमी फोनवर बोलत व्हता." मग तो भागूबाईकडं वळला. "मावशी, इरळताना कोनती काढली?"

भागूबाईची कानशिलं तापली. ताई बाजूलाच उभ्या.

"निवडली नाय मी. हाताला यील ती काढली."

"बघा! तरी एकही फूल भरगच्च नाही, म्हणजे बीच भेसळीचं," ताई कडाडल्या. आवाज ऐकून नर्सरीचा मालक बाहेर आला. चार गिऱ्हाइकांदेखत त्यानं कडुबाला झापलं. "म्हातारा झालास, कुठल्या डब्यातलं बी कुठं भरतूस कळत नाय तुला!" कडुबानं एकदाच भागूबाईकडं पाहिलं आणि नवं पाकीट काढून ताईंपुढं धरलं.

रिक्षा सुरू झाली. ताई विजयाच्या थाटात होत्या. भागूबाईनं रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारली.

"थांब रं बाबा."

"काय विसरलं?"

"बी चांगलं व्हतं, ताई. पिवळी मीच उपटली. रोगट समजून."

ताईंचं तोंड उघडंच राहिलं. "अहो, मग तिथं बोलायचं ना! मी त्या माणसाला काय काय बोलले!"

"त्येच सांगाया चालले."

ती परत गेली, पाकीट घेऊन. मालकासमोर, गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. मालक हसला. "शेतकरीण अन् तुला रोप वळखंना व्हय?" भोवतीचे लोकही हसले. कडुबा तेवढा हसला नाही. पाकीट डब्यात टाकून पुन्हा कुंडी भरायला लागला.

घरासमोर उतरताना ताई म्हणाल्या, "पाळण्याला झेंडू आणू," आणि फाटक लावून आत गेल्या.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट कॉलनीभर झाली. दोन घरं सोडून राहणाऱ्या सोनियाच्या मोगऱ्याची पानं गळत होती. ती भागूबाईच्या दारावरून गेली, थांबली नाही. भागूबाईनं खिडकीतून बघितलं आणि पदर तोंडावर ओढला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. सून आतून ओरडली, "आत्या, पायप!" भागूबाईनं पदर खोचला, पाइप उचलला आणि रांगेत जाऊन उभी राहिली.