मुनेताचं आभाळ

हिसाओ मुनेताचं चांगलं मला कधीच बघवलं नाही. आमच्या क्योतोच्या छापखान्यात तो माझ्यानंतर पाच वर्षांनी आला. डावखुरा, रोज उशिरा येणारा, आणि छापताना अखंड बेसूर गुणगुणणारा. दुपारी चहात कालवलेला भात आणि खारवलेलं वांगं खायचा, तेही माझ्याच शेजारी बसून, मचमच करत. असल्या माणसाच्या हाताला यश का यावं, सांगा!

जुन्या लाकडी ठशांच्या चित्रांच्या आम्ही नव्या प्रती काढतो. घरच्या भिंतीवर लावायला लोकांना पडकी देवळं आणि किल्ल्यांचे चौथरेच हवे असतात. का, ते मला विचारू नका. दगड, गवत, सगळं ठशात कोरलेलं येतं. आभाळ तेवढं कोरलेलं नसतं, ती नुसती सपाट फळी. ती ओली करून रंग ओढायचा. वर गडद, खाली विरत गेलेला. दर कागदाला पुन्हा नव्यानं, हातानं.

नवे ठसे आले की एक प्रत नमुना ठरते. तिच्या पाठीवर छापणाऱ्याचं नाव पडतं, आणि पुढं वर्षानुवर्षं सगळ्यांनी तिच्याबरहुकूम छापायचं. बावीस वर्षं प्रत्येक नमुना मुनेताचा. म्हणजे बावीस वर्षं मी त्याचं आभाळ छापत होतो. एकदा बायको म्हणाली, "अहो, मुनेतासानचं एखादं चित्र आपल्या भिंतीवर किती शोभेल, नाही?" दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

गेल्या शरदात एका कोसळलेल्या मनोऱ्याच्या जोत्याचे ठसे आले. मला निवृत्तीला सहा महिने होते. एकदा, एकदाच, माझं नाव लागायला हवं होतं. उगाच धोका कशाला, म्हणून छापखान्याच्या मालकीणबाईंना आवडतं तसंच आभाळ मी केलं.

त्यांनी माझी आणि मुनेताची, दोन्ही प्रती नावांशिवाय मागवल्या, शेजारी शेजारी मांडल्या आणि बोट ठेवलं. माझ्या प्रतीवर! माझे कान तापले.

"हीच," त्या म्हणाल्या. "मुनेतासान, तुमचा हात लपत नाही बघा."

मुनेतानं मान खाजवली. "माझी नाही ती. तोकुजीसानची आहे. माझी ही दुसरी."

दुसरीत वरचं आभाळ जवळजवळ कोरं होतं. अंधार खालून, दगडांमागून वर चढत होता.

"हे काय केलंत?" मालकीणबाईंनी त्याला विचारलं.

"त्याच त्या आभाळाचा कंटाळा आला हो."

मालकीणबाई माझ्याकडे वळल्या. "तोकुजीसान, कमाल आहे तुमची! हुबेहूब! मीसुद्धा फसले." मनापासून कौतुक होतं ते. त्यांनी पाठीवर माझं नाव लिहिलं, मी रीतसर वाकलो.

"आता आम्हांला तुमच्यासारखं छापावं लागणार!" मुनेता हसत म्हणाला. त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता. त्याच्यात कुजकेपणा औषधालाही नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

सगळे जेवायला गेल्यावर मी एक ओला कागद घेतला आणि ते खालून चढणारं आभाळ करून बघितलं. रंग दगडांत पसरला. दुसरा कागद घेतला, तोही वाया गेला. मुनेता दारात कधी येऊन उभा राहिला, कळलं नाही.

"पाणी कमी घ्या, तोकुजीसान," तो म्हणाला.

मी कमी घेतलं.