पुस्तकात नव्हतं ते मी वाचलं

हे मी माझ्या यजमानांना कधी सांगितलं नाही, पोटच्या मुलांनाही नाही. देवापुढे हात जोडले, तेव्हासुद्धा एवढं वगळूनच बोलले. आज तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका. मलाही नीटसं ठाऊक नाही.

मी सांगलीची. वडिलांनी मराठी सातवीपर्यंत शिकवलं आणि साताऱ्याकडच्या एका शेतकरी घरात दिलं. घर पलटणीचं. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, पहिल्या लढाईतून परत आलेले हवालदार. थोरले दीर — दादा — दुसऱ्या लढाईत मलायाकडे गेलेले. माझे यजमान शेती बघायचे. आणि थोरली जाऊ, अक्का. अक्कांना अक्षरओळख नव्हती. बाकी काय येत नव्हतं त्यांना? गाय अडली तरी लोक अक्कांना बोलवायला यायचे.

सिंगापूर पडलं आणि दादांची खबर थांबली. पलटणीकडून एवढंच कळलं — बेपत्ता. गेले असंही नाही, आहेत असंही नाही. अक्का रडल्या नाहीत. सकाळी कुंकू लावताना बोट कपाळाशी थोडं थबकायचं, तेवढंच.

त्या दिवसांत मामंजींनी साताऱ्याच्या वाचनालयातून एक ऐतिहासिक कादंबरी आणली. गडाचा वेढा, लढाई, निष्ठा. सुनांच्या हातात जायचं पुस्तक म्हणून आधी स्वतः वाचलं. सोज्वळ आहे अशी खात्री झाल्यावर माझ्याकडे दिलं. म्हणाले, "जावंला वाचून दाखव. खऱ्या इतिहासाचं हाय. जिवाला आधार हुईल तिच्या."

झालाही आधार. दुपारची जेवणं उरकली की आम्ही सोप्यात बसायचो. अक्का शेंगा फोडायच्या, मी वाचायची. त्या कादंबरीतला शिपाई वेढ्यात पकडला जातो. शत्रूच्या छावणीत कैदेत पडतो. घरी बायको वाट बघत असते. अक्का हे कसं ऐकत असतील, सांगा? शेंग बोटांत तशीच राहायची. "फुडं वाच की, शालन. सुटला का त्यो?"

मी एकटीनंच पुढचं वाचून टाकलं होतं. सरदार त्या शिपायाला म्हणतो — इथंच चाकरी कर, घोडा देतो, इथलीच बायको करून देतो. शिपाई नकार देतो. मार खातो, निसटतो, नद्या ओलांडून घरी येतो. मला हे सगळं माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

बघा — अजून मी पुस्तकातच घोटाळते आहे. पुढं सरकायला जीव धजत नाही.

एक दिवस आळीतल्या बायका आल्या होत्या. कुणीतरी माझ्या वाचनाचं कौतुक केलं. अक्का हसून म्हणाल्या, "आमच्या शालनला अक्षरं गोल येत्यात, भाकरी मातूर न्हाई!" सगळ्या हसल्या. त्यात वाईट काय होतं? माझ्या भाकरीला खरंच कोपरे यायचे. अक्कांनीच कितीदा तरी माझी फाटलेली भाकरी गुपचूप स्वतःच्या ताटात घेतली होती, सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, दिसू नये म्हणून. पण मी सांगलीची, शिकलेली — आणि बायका हसल्या. काळजात काहीतरी सुरीसारखं उघडलं.

बस्स, एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर सांगताना बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी मी पुस्तक उघडलं. ते पान समोर होतं. शिपाई मान ताठ करून नाही म्हणतो, ते छापील पान. आणि मी वाचलं — "शिपाई हो म्हणाला. त्याने तेथेच दुसरा संसार मांडला. मागचे सारे तो विसरून गेला." अगदी पुस्तकी भाषेत. बोट ओळीवरून फिरवत.

अक्कांचे हात थांबले.

"आसं लिवलंय?"

"हो."

"आन् घरची? तिचं काय?"

"तिचं पुढं काही लिहिलेलं नाही."

अक्कांनी टरफलं सुपात गोळा केली. मग म्हणाल्या, "छापलंय म्हंजे आसंच आसतंय." सूप उचलून आत गेल्या.

उद्या खरं सांगू, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी अक्का ऐकायला आल्याच नाहीत. मामंजी पुस्तक परत करून आले. आणि मग — खोटं बोलले होते हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

पुढे कधीतरी खबर आली. दादा जिवंत आहेत, जपान्यांच्या कैदेत आहेत. आत्याबाईंनी गावभर साखर वाटली. अक्का म्हणाल्या, "बरं झालं." चुलीकडे वळल्या. लोकांना वाटलं, बाई धीराची.

लढाई संपली, दादा आले. हाडांचा सापळा, पुढचे दात गेलेले. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, "तिकडं कोन ठिवून आलाय?" दादांना थट्टा वाटली, ते हसले. थट्टा नव्हती. पुढे दादांनी, तिकडं कुणी नाही म्हणून, जोतिबाची शपथ घेतली, बेलभंडारा उचलला. अक्का ऐकून घ्यायच्या आणि ताट वाढायच्या. नवऱ्याच्या जेवणाखाण्यात त्यांनी कधी कसूर केली नाही. पण त्याच्याजवळ बसल्याही नाहीत. दादा हळूहळू मळ्यातल्या वस्तीवरच राहू लागले. त्यांना मूल झालं नाही. माझी तीन मुलं अक्कांनीच मोठी केली.

तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी सांगायचं होतं. संधी आली होती. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी बोलायची रीत नव्हती आमच्यात. तरी एकदा दादा मळ्यात माझ्यापासून चार हात लांब, पाठमोरे उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, तू तिच्या जवळची. तिला कुनी काय सांगितलं का गं? माझं काय चुकलं, मला उमगंना."

मी म्हणाले, "मला काय ठाऊक, दादा."

 ते मोटेकडे गेले. पहिलं खोटं रागातलं होतं. हे दुसरं मी विचार करून, थंड डोक्यानं बोलले. घरात माझी जागा होती, मुलं अक्कांच्या अंगाखांद्यावर होती — ते सगळं जाईल, ही भीती. त्या माणसाचं आयुष्य डोळ्यांपुढं वाळत होतं आणि मी माझी जागा सांभाळली.

दादा आधी गेले. त्या दिवशी अक्का त्यांच्या पायांशी बसल्या, पहिल्यांदाच. तेव्हाही मी गप्प होते.

शेवटच्या दुखण्यात अक्कांचं सगळं मीच केलं. न्हाऊ घालणं, भरवणं. कितीतरी दुपारी आम्ही दोघीच असायचो. तोंड उघडायला दुसरं कुणाचं भय उरलं नव्हतं. एक दिवस अक्कांनी माझा हात धरला, म्हणाल्या, "शालन, लय केलंस गं माझं. सख्खी भईन करनार न्हाई एवढं."

मी ते ऐकून घेतलं.