देवराईतले भुंगेरे

आज मी शिकवते त्या शाळेच्या प्रयोगशाळेत व्हिनेगर सांडलं आणि त्या आंबट वासानं मला पाली गावाजवळच्या देवराईत नेलं. कॉलेजात असताना एका प्रकल्पासाठी मी तिथे जमिनीत व्हिनेगरचे पेले पुरून भुंगेरे पकडत असे. दाट झाडीतले पेले काळ्या, चकचकीत भुंगेऱ्यांनी भरत. तोड झालेल्या बाजूला मात्र पेल्यांत नुसती लाल माती. देवराईचे गुरव तात्या वाकून बघत म्हणाले, "बाय, हे किडे गावाला दाखवलेस तर उरलेली झाडां वाचतील काय गो?"

"हो तात्या," मी बेधडक म्हटलं.

प्रकल्पाच्या अहवालाला कॉलेजात चांगले गुण मिळाले. तो मी गावात कुणालाच दाखवला नाही. पुढच्या उन्हाळ्यात उरलेली झाडंही तुटली. माझं ते "हो" आठवलं की अजून एका जागी बसवत नाही.