न बांधलेल्या घरातली माणसं

आमच्या धंद्यात घर आधी पाहतात, मग बांधतात. त्यामुळे किस्सेसुद्धा भूमिपूजनाच्या आधीच सुरू होतात! अमरावतीत माझं आणि नितीनचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. नकाशावरून कॉम्प्युटरमध्ये घर उभं करायचं, त्यातून कॅमेरा फिरवायचा आणि व्हिडिओ बनवायचा, याला वॉकथ्रू म्हणतात. जुन्या फाइली उडवल्या की कॉम्प्युटर रिकामा होतो, किस्से मात्र साचतच जातात.

*

अकोल्याच्या एका डॉक्टरांचा नवा दवाखाना होता. सॉफ्टवेअरमध्ये माणसं तयार मिळतात, पण सगळी परदेशी, धडधाकट आणि हसरी. नितीननं तीच वेटिंग हॉलमध्ये बसवली. डॉक्टरांनी व्हिडिओ शांतपणे पाहिला.

"येवढे ठणठणीत लोक माह्या दवाखान्यात कायले येतील?"

*

नांदगाव पेठच्या एका घरात तसलाच सुटाबुटातला गृहस्थ थेट देवघरात उभा राहिला. मालकांचे वडील भडकले, आधी याला जोडे काढायला लावा म्हणाले. आता ते जोडे त्याच्या पायाचाच भाग, निघणार कसे? शेवटी नितीननं गृहस्थालाच घालवलं आणि आजोबांचं समाधान व्हावं म्हणून दाराबाहेर एक चपलांचा जोड ठेवला. आजोबांनी पुन्हा पाहिलं.

"चपला हायेत, मंग मानूस कुठी गेला?"

*

वलगावच्या पुरुषोत्तमभाऊंचा झेंडूचा मळा आहे. त्यांच्या अंगणात नितीननं कुठलीशी विलायती फुलं लावली. भाऊ दुसऱ्या दिवशी झेंडूचं पोतं घेऊन आले, याचा फोटो काढा आणि हेच लावा म्हणाले. फोटोला दोन फुलं पुरली असती! आठवडाभर ऑफिसात दसऱ्याचा वास होता. भाऊ आम्हाला तेव्हापासूनच आवडतात.

*

हे घर भाऊ बायकोसाठी, शोभाकाकूंसाठी बांधत होते. मळ्यातून येताना गाडी उलटली आणि काकूंचे पाय गेले. तेव्हापासून त्या चाकाच्या खुर्चीत, अकोल्याला भावाकडे. तुम्ही खुशाल घर बांधा, मी तिथे येऊन अडगळच होणार, एवढंच म्हणायच्या. भाऊ हा विषय काढला की खिडकीबाहेर बघायचे.

आम्ही कॅमेरा नेहमी उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवतो. भाऊंनी तो खाली घ्यायला लावला. ऑफिसातल्या खुर्चीत स्वतः बसले आणि हातानं उंची दाखवली, "इथून."

तिथून पाहिलं तर स्वयंपाकाच्या ओट्याची नुसती कडा दिसत होती आणि खिडकीतून नुसतं आभाळ. मळा कुठेच नाही. भाऊ नकाशा घेऊन इंजिनिअरकडे गेले. ओटा खाली आला, खिडकी खाली आली, पायऱ्यांच्या जागी उतार आला. आम्ही सगळा व्हिडिओ नव्यानं केला आणि तिघंही अकोल्याला गेलो.

काकूंच्या भावाच्या टीव्हीवर लावला. कॅमेरा उतारावरून दारात गेला, बैठकीतून स्वयंपाकघरात वळला. खिडकीतून झेंडू दिसला आणि लगेच मागे पडला.

काकूंनी विचारलं, "हे घरात कोन फिरून राह्यलं?"

भाऊ म्हणाले, "तू."

काकूंनी खुर्ची टीव्हीजवळ सरकवली.

"मंग एवढ्या घाईनं काहून पळून राह्यली मी? सैपाकघरात थांबू द्या ना जरा."